चूक दाखवायला कुणी नसताना

परकी भाषा घरबसल्या शिकू पाहणाऱ्याला आज साहित्याचा तुटवडा नाही. पुस्तकं, ॲप, पॉडकास्ट, उच्चार ऐकवणारे शब्दकोश, हवं ते फुकटात मिळतं. तरीही बरेच जण दोन-तीन महिन्यांत सोडून देतात, आणि चिकाटीने टिकून राहिलेल्यांपैकीही पुष्कळ जण वर्षानुवर्षं एकाच पायरीवर अडकतात. याचं खापर आळसावर फोडलं जातं. मला ते पटत नाही. शिक्षक माहिती देतो, पण ते त्याचं सर्वात हलकं काम. तेवढं पुस्तकही करतं. त्याची खरी कामं तीन: काय आधी आणि काय नंतर ते ठरवणं, ठरल्या वेळी विद्यार्थ्याला अभ्यासाला बसवणं, आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगणं. एकट्याने शिकताना ही तिन्ही कामं आपल्याच अंगावर येतात. पहिली दोन निभावून नेता येतात. तिसरं खरं अवघड, कारण आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही, दिसत नाही. म्हणून तर ती होते. त्यामुळे एकट्याने भाषा शिकण्याची कुठलीही पद्धत समोर आली की माझा पहिला प्रश्न असतो: यात चूक कळते कुठे?

ट्रॉयच्या उत्खननामुळे गाजलेला हाइन्रिश श्लीमान (1822–1890) तरुणपणी ॲमस्टरडॅमला एका पेढीवर नोकरी करत असताना एकामागून एक भाषा शिकला. इंग्रजी कशी शिकलो ते त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे: भरपूर मोठ्याने वाचायचं, भाषांतर करत बसायचं नाही, रोज एक तास द्यायचा, आवडीच्या विषयांवर निबंध लिहायचे, ते शिक्षकाच्या नजरेखाली दुरुस्त करायचे, दुरुस्त केलेले पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचे. पुढे रशियन शिकायची वेळ आली तेव्हा त्याला शिक्षकच मिळेना. मग त्याने एक जुनं व्याकरण, एक शब्दकोश आणि एका फ्रेंच कादंबरीचं सुमार रशियन भाषांतर एवढ्यावर सुरुवात केली, आणि आठवड्याला 4 फ्रँक देऊन एक श्रोता ठेवला. त्या माणसाने रोज संध्याकाळी दोन तास येऊन श्लीमानचं रशियन पाठांतर ऐकायचं. त्याला रशियनचं अक्षरही कळत नव्हतं.

श्लीमानच्या स्मरणशक्तीचे गोडवे गाताना ही गोष्ट सांगितली जाते. मला तिच्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. पगारी श्रोत्यामुळे रोज बसणं झालं आणि मोठ्याने म्हणणं झालं, म्हणजे शिक्षकाचं दुसरं काम भागलं. तिसरं भागलं नाही. इंग्रजीच्या वेळी निबंध तपासणारं कुणीतरी होतं, रशियनच्या वेळी नव्हतं. आज सलग शंभर दिवसांची हजेरी दाखवणारी ॲप नेमकी त्या श्रोत्याच्या जागी आहेत. ती उपयोगी आहेत, पण तेवढ्यापुरतीच.

आता कामाला लागू. पहिले तीन-चार आठवडे कानाला द्यावेत. शब्दसंग्रह, व्याकरण चालू ठेवा, पण भर कानावर. कारण साधं आहे. जो फरक कानाला ऐकू येत नाही तो जिभेवर येत नाही, आणि चुकीच्या उच्चाराने पाठ केलेले पाचशे शब्द नंतर सुधारायला दुप्पट मेहनत पडते.

यासाठी सर्वात चांगलं साधन म्हणजे एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या. स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ म्हणजे ‘पण’. त्यातला र थरथरवून लांबवला की होतो ‘कुत्रा’. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी, काकू, आत्या, आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. अशा आठ-दहा जोड्या निवडा. फोर्वोसारख्या संकेतस्थळावरून प्रत्येक शब्दाचे चार-पाच वेगवेगळ्या माणसांचे उच्चार गोळा करा, मिसळा आणि न बघता ओळखा: हा पहिला की दुसरा? उत्तर लगेच तपासा. वीसपैकी अठरा बरोबर यायला लागले की पुढच्या जोडीकडे जा. रोज दहा मिनिटं पुरतात.

वेगवेगळे आवाज हवेतच, ही हौस नव्हे. जपानी माणसांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत. 1991 मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी अशा विद्यार्थ्यांना अनेक वक्त्यांच्या आवाजात जोड्या ऐकवल्या आणि प्रत्येक उत्तरानंतर ते बरोबर की चूक हे सांगितलं. विद्यार्थ्यांची ओळख सुधारली. 1997 मधल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की नुसतं ऐकण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा उच्चारही सुधारला. एकाच आवाजावर सराव केला तर आपण ध्वनी शिकण्याऐवजी त्या माणसाचा गळा ओळखायला शिकतो.

मराठी माणसाचा कान या कामाला किती तयार असतो याची जाणीव फार कमी लोकांना असते, कारण परकी भाषा शिकवणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असतात. त्यांच्या अडचणी आपल्या नसतात, आणि आपल्या अडचणींचा त्यात उल्लेख नसतो. चिनीच्या रोमन लेखनात, म्हणजे पिनयिनमध्ये, बी आणि पी अशी दोन अक्षरं आहेत. इंग्रजी भाषकाला त्यातला फरक समजावायला पानं खर्ची पडतात. आपल्यासाठी एक ओळ पुरे: बी म्हणजे आपला प, आणि पी म्हणजे दोन्ही ओठ मिटून काढलेला मूळचा महाप्राण फ. तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. जर्मन भाषेतला झेड म्हणजे ‘चोर’ आणि ‘चांगला’मधला च, ‘चार’मधला नव्हे. जपानीत ‘किते’ आणि ‘कित्ते’ हे वेगळे शब्द आहेत हे मका आणि मक्का ओळखणाऱ्याला सांगावं लागत नाही.

खड्डेही ठरलेले आहेत. आपण इंग्रजीतला टी ‘ट’ म्हणून शिकलेले असतो, म्हणून रोमन लिपीतल्या प्रत्येक भाषेत ट घुसवतो. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियनमध्ये तो दातांना जीभ लावून काढलेला आपला त आहे. एवढी एक दुरुस्ती केली तरी ऐकणाऱ्याला बोलणं निम्मं ओळखीचं वाटायला लागतं. दुसरा खड्डा स्वरांच्या लांबीचा. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना इ आणि ई यांत फारसा फरक ठेवत नाही. जपानीत आणि जर्मनमध्ये तो ठेवावाच लागतो. तिसरा खड्डा अनुस्वाराचा. आपला अनुस्वार पुढच्या अक्षरानुसार न, म, ङ होतो, त्यामुळे फ्रेंच नासिक्य स्वरांच्या शेवटी आपण नकळत एक व्यंजन चिकटवतो. स्वर नाकातून जाऊ द्या आणि तिथेच थांबा, जीभ कुठेही टेकता कामा नये. फ्रेंच यू आणि दोन टिंबांच्या जर्मन यूसाठी (ü) तोंडात ‘ई’ धरून ठेवा आणि फक्त ओठांचा चंबू करा. चिनी सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मात्र मराठीतून कुठूनच मिळत नाहीत. तिथे सुटं अक्षर घोकण्यापेक्षा दोन-दोन अक्षरांच्या जोड्या कराव्यात: चार सुरांच्या सोळा जोड्या होतात, आणि तिसऱ्यामागे तिसरा आला की पहिल्या अक्षराचा सूर दुसऱ्यासारखा होतो. वाक्यात बोलताना सूर घसरतात ते याच जोडांवर.

आणि उच्चार देवनागरीत लिहून ठेवू नका. या लेखात ते देवनागरीत आहेत कारण हा मराठी लेख आहे. वहीत तसं केलंत तर डोळा दरवेळी मराठी ध्वनी वाचेल आणि कानाने केलेलं काम पुसून टाकेल. नवी लिपी असेल तर ती आधी शिकून घ्या. कोरियनची हांगुल 24 मूळ अक्षरांची आहे, दोन-तीन दिवसांत वाचता येते. रशियनची 33 अक्षरं आठवड्यात होतात. जपानीच्या हिरागाना आणि कताकाना प्रत्येकी 46, दोन्हींना मिळून दोन-तीन आठवडे धरा. रोमन लेखनाच्या कुबड्या जितक्या लवकर सुटतील तितकं बरं.

जोड्यांनंतरची पायरी श्रुतलेखनाची. शाळेत शुद्धलेखनासाठी करून घेतात म्हणून ते बदनाम आहे, पण एकट्याने शिकणाऱ्याला इतका प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही. ज्याचा लेखी मजकूर उपलब्ध आहे असा 30 ते 40 सेकंदांचा ध्वनी घ्या. मजकूर न पाहता तीनदा ऐका. मग वाक्यावाक्याला थांबवून लिहा. एका वाक्याला पाच वेळांहून जास्त ऐकू नका, नाही कळलं तर जागा सोडा. आता मजकूर उघडा आणि ताडून पाहा.

खरं काम इथे सुरू होतं. चुका तीन जातींच्या निघतात आणि प्रत्येकीवर इलाज वेगळा. शब्दच माहीत नव्हता, तर तो शब्दांच्या यादीत टाका. शब्द माहीत होता पण ऐकू आला नाही, तर तो बोलण्याच्या ओघात कसा बदलला ते पाहा: कुठला स्वर गळाला, कुठलं व्यंजन पुढच्या शब्दाला जोडलं गेलं. ती दोन सेकंदं दहा-बारा वेळा ऐका आणि तशीच म्हणा. तिसरी जात व्याकरणाची. फ्रेंचमध्ये ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांतल्या क्रियापदाचा उच्चार एकच असतो, लेखन वेगळं. तिथे कान कितीही तीक्ष्ण असला तरी उपयोग नाही, वाक्याच्या रचनेवरूनच कळायला हवं. मला या तीन जातींसाठी तीन रंगांची पेनं वापरणं आवडतं, कारण महिनाभराची पानं चाळली की आपण कुठे कमी पडतोय ते वाचावंही लागत नाही. ज्यांचं पान दुसऱ्या रंगाने भरलेलं असतं ते अनेकदा आणखी शब्द पाठ करत बसतात, आणि ऐकणं तिथल्या तिथे राहतं.

लेखनासाठी याच्याहून जुनी एक युक्ती आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचा शिक्षक रॉजर ॲस्कम याने सोळाव्या शतकात लॅटिन शिकवण्यासाठी दुहेरी भाषांतराचा पुरस्कार केला. परक्या भाषेतला उतारा आपल्या भाषेत आणायचा, मूळ बाजूला ठेवायचं, काही वेळ जाऊ द्यायचा, आणि मग आपल्या भाषांतरावरून पुन्हा परक्या भाषेत लिहायचं. शेवटी मूळ उताऱ्याशी ताडायचं. मूळ उतारा म्हणजेच तपासलेली उत्तरपत्रिका. शिक्षक नसताना लेखनातली चूक दाखवणारं यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही.

जर्मनमधलं एकच वाक्य घेऊ. ‘इश हाबे गेस्टर्न आइन बूख गेकाउफ्ट, वाइल इश मोर्गन नाख बेर्लीन फारे.’ मी काल एक पुस्तक विकत घेतलं, कारण मी उद्या बर्लिनला जाणार आहे. मराठी वाक्य लिहून ठेवा आणि चार दिवसांनी फक्त त्यावरून जर्मन लिहा. हमखास काय होतं? ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, याच्या पुढे ‘इश फारे मोर्गन नाख बेर्लीन’ असं लिहिलं जातं. ही चूक मराठीची नव्हे, इंग्रजीची. जर्मनमध्ये अशा गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, म्हणजे ‘मी उद्या बर्लिनला जातो’ हाच क्रम: इश, मोर्गन, नाख बेर्लीन, फारे. आपल्या भाषेत जे आयतं होतं ते सोडून आपण मधल्या भाषेच्या वाटेने गेलो. मुख्य वाक्यात मात्र उलट. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं, आणि वाक्याची सुरुवात ‘काल’ने केली तर ‘गेस्टर्न हाबे इश’ असा कर्ता मागे सरकतो. हे मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही, म्हणून ते इथे तीन-चारदा चुकेल.

मग आणखी एक फरक दिसेल. ‘जाणार आहे’ म्हणून तुम्ही भविष्यकाळाचं रूप वापरलं असेल, मुळात वर्तमानकाळ आहे. ही चूक नव्हे. जर्मनमध्ये दोन्ही चालतं, ‘उद्या’ हा शब्द असला की रोजच्या बोलण्यात वर्तमानकाळ जास्त. ‘बर्लिनला’साठी ‘नाख’ऐवजी ‘त्सू’ लिहिलं असेल तर ती मात्र चूकच. म्हणजे ताडताना प्रत्येक फरकावर फुली मारायची नाही. जिथे व्याकरणाचा नियम सापडतो तिथे फुली, जिथे सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हं साठवून ठेवा, ती पुढे जाणकारासमोर ठेवायची आहेत. उतारा 80 ते 100 शब्दांचा असावा, त्यातले पाच-सहाच शब्द नवे असावेत, आणि मधला काळ सुरुवातीला एक दिवस, नंतर वाढवत आठवडा. लगेच उलटं भाषांतर केलं तर फक्त पाठांतर तपासलं जातं. उतारा फार कठीण निवडला तर इतक्या फुल्या पडतात की त्यातून काहीच शिकता येत नाही.

मराठीला आधार धरा हे मी आग्रहाने सांगेन. जपानी शिकताना तर इंग्रजीतून जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. ‘वाताशी वा क्यो तोक्यो नि इकिमासु’: मी आज तोक्योला जातो. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. ‘ला’च्या जागी ‘नि’, तोही नामाच्या मागे. रशियनच्या सहा विभक्त्या किंवा जर्मनची तीन लिंगं ऐकून इंग्रजी भाषक हबकतो. टेबल नपुंसकलिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी, पंखा पुल्लिंगी हे आपण कुठल्याही नियमाशिवाय बाळगतोच ना? पण ते कसं बाळगतो ते लक्षात घ्या: नाम एकटं कधी येत नाही, ‘मोठं टेबल’, ‘मोठी खुर्ची’ असं विशेषणासकट कानावर पडतं. जर्मन नामही लिंग दाखवणाऱ्या आर्टिकलसकटच शिकायचं, नुसतं कधीच नाही.

व्याकरणाबद्दल एवढंच सांगतो की पुस्तक पातळ असावं आणि मागे उत्तरं असावीत. उत्तरं नसलेलं स्वाध्यायाचं पुस्तक एकट्याने शिकणाऱ्याच्या काही कामाचं नाही. एकदा कादंबरीसारखं भरभर वाचून काढा, म्हणजे कुठे काय आहे ते कळेल. मग श्रुतलेखनात आणि दुहेरी भाषांतरात जे अडेल तेवढंच प्रकरण पुन्हा उघडा.

शब्दांचं गणित आता बरंच स्पष्ट आहे. हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि नंतर मंदावतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी सलग घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते. 1970च्या दशकात सेबास्टियान लाइटनरने त्यावर कप्प्यांची पेटी सुचवली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर: उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. कप्पे अनुक्रमे 1, 2, 4, 8, 16 दिवसांनी उघडा, की यंत्राशिवाय काम चालतं. 2006 मध्ये आलेलं ‘अंकी’ हे कार्डांचं सॉफ्टवेअर हेच काम हिशेब ठेवून करतं.

बिघाड होतो तो कार्डं बनवण्यात. पहिल्या आठवड्यातल्या उत्साहात रोज चाळीस-पन्नास नवी कार्डं टाकली जातात. प्रत्येक नवं कार्ड पुढे अनेकदा परत येत असल्याने रोज दहा नवी टाकली तरी काही आठवड्यांत रोजच्या उजळण्या सत्तर ते शंभरवर जातात. पन्नासचं काय होईल ते बघा. दहा पुरेत. एका कार्डावर एकच गोष्ट विचारा. एका शब्दाचे चार अर्थ लिहिले तर तीन आठवूनही ‘चुकलं’ म्हणावं लागतं, आणि चूक नेमकी कुठे ते कळतच नाही. सुट्या शब्दापेक्षा तो शब्द गाळलेलं छोटं वाक्य बरं, आणि मागे आवाज हवा. एकाच जातीचे शब्द एकदम शिकू नका. पाठ्यपुस्तकं सगळे रंग, सगळे वार, सगळी फळं एका धड्यात देतात, पण 1990च्या दशकातल्या टिंकम आणि वॉरिंग यांच्या प्रयोगांत असे गट शिकायला जास्त वेळ लागला, कारण शब्द एकमेकांत मिसळतात. डावा आणि उजवा एकाच दिवशी शिकलेला माणूस महिनोन्‌महिने दोन्हींत अडखळतो. डावा आज शिका, उजवा तीन आठवड्यांनी. जे कार्ड सात-आठदा चुकतं ते पुन्हापुन्हा घोकण्यात अर्थ नाही. ते काढून टाका आणि त्याच शब्दाचं वेगळ्या वाक्यासह नवं बनवा.

पहिले हजार-दोन हजार शब्द असे कार्डांनी भरा. त्यापुढे वाचन. मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे असले तर बाहेरच्या मदतीविना नीट समजतं, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक मानतात. 300 शब्दांच्या पानावर हे म्हणजे सहा अनोळखी शब्द. पान उघडून मोजा. पंधरा-वीस निघाले तर ते पुस्तक वाचनाचं नव्हे, अभ्यासाचं आहे, आणि ते सहा महिन्यांनी परत येऊ शकतं. शिकणाऱ्यांसाठी मोजक्याच शब्दसंग्रहात लिहिलेली छोटी पुस्तकं जवळपास प्रत्येक मोठ्या भाषेत मिळतात. काहींना ती बाळबोध वाटतात, म्हणून थेट कादंबरीला हात घालतात. हंगेरीची दुभाषी काटो लोम्ब (1909–2003) ही रशियन थेट कादंबरीतूनच शिकली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पण तिची रीत पाहा. पहिल्या वाचनात संदर्भावरून कळलेलेच शब्द ती समासात लिहायची, न कळलेल्यांच्या मागे लागायची नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या वाचनासाठी. दर ओळीला कोश उघडणारा वाचक दहाव्या पानावर थकतो, कारण गोष्टीचा धागाच तुटलेला असतो. आणि जो शब्द खरंच महत्त्वाचा आहे तो पुन्हा येतोच.

माणसं कधी शोधायची? माझ्या मते तिसऱ्या महिन्यापासून, त्याआधी नाही. भाषेची देवाणघेवाण करणारा जोडीदार मिळाला तर अर्धा तास तुमच्या भाषेत, अर्धा तास त्याच्या, आणि घड्याळ लावून. नाहीतर ज्याची भाषा जास्त पक्की तीच चालू राहते. त्याला ‘माझ्या चुका सांग’ असं मोघम सांगितलं तर तो सांगणार नाही. लोक सभ्य असतात, अर्थ कळला की पुढे जातात. म्हणून मागणी नेमकी करा: आज फक्त भूतकाळ बघ, किंवा शेवटी मला तीन चुका लिहून पाठव. साठवलेली प्रश्नचिन्हं इथे बाहेर काढा. ‘हे असं का?’ विचारू नका, मातृभाषकाला ते बहुधा सांगता येत नाही. ‘या दोनपैकी तू कुठलं म्हणशील?’ असं विचारा. ते तो डोळे मिटून सांगेल.

संगणकाशी गप्पा मारून लेखन तपासून घेणं आता सोपं झालं आहे आणि ते जरूर करावं, एका अटीवर. नुसतं ‘सुधार’ म्हटलं तर तुमचं वाक्य पुसून दुसरंच सुबक वाक्य परत येतं. त्यातली तुमची चूक कुठली आणि त्याची आवड कुठली हे कळत नाही. ‘फक्त व्याकरणाच्या चुका, कमीत कमी बदल करून, प्रत्येक बदल वेगळा दाखव’ असं सांगा. नियमाचं स्पष्टीकरण मिळालं तर ते तुमच्या पातळ पुस्तकात ताडा, कारण चुकीचं स्पष्टीकरणही तितक्याच सफाईने दिलेलं असतं. दुरुस्त मजकूर वाचून मान डोलावणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोन दिवसांनी तोच मजकूर कोऱ्या पानावर पुन्हा लिहायचा, तेव्हा ती होते.

किती वेळ लागतो? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला कामकाजापुरती भाषा येण्यासाठी स्पॅनिश किंवा फ्रेंचला वर्गातले साधारण 600 ते 750 तास लागतात, रशियनला 1,100, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला 2,200. घरचा अभ्यास वेगळा. रोज एक तास म्हणजे वर्षाला 365. तेव्हा ‘तीन महिन्यांत अस्खलित’ असं कुणी विकत असेल तर हा भागाकार करून बघा. हा तास मी असा वाटेन: दहा मिनिटं कार्डं, वीस मिनिटं ऐकणं, त्यातच श्रुतलेखन, वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं मोठ्याने म्हणणं. आठवड्यातून दोनदा वाचनाच्या जागी दुहेरी भाषांतर. रविवारी सात तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तासही बरा, कारण उजळणीला अंतर लागतं आणि ते एका दिवसात कोंबता येत नाही.

भाषा किती येते ते ठरवणाऱ्या, कौन्सिल ऑफ युरोपच्या 2001च्या चौकटीत ए1 ते सी2 अशा सहा चढत्या पायऱ्या आहेत. अडकायला होतं ते बी1च्या, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या, आसपास. तिथे गरजेपुरतं सगळं बोलता येतं, समोरच्याला कळतं, आणि म्हणूनच चुका घट्ट बसायला लागतात. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकरने 1972 मध्ये या घट्ट बसण्याला जीवाश्म होण्यावरून नाव दिलं. यावर जास्त बोलणं हा उपाय नाही, कारण जास्त बोलल्याने तीच चूक जास्त वेळा होते. महिन्यातून एकदा पाच मिनिटं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा, ते शब्दन्‌शब्द लिहून काढा आणि तपासून घ्या. जी चूक तीनदा दिसेल ती एकच पुढच्या महिन्यासाठी निवडा. त्या रचनेची वीस बरोबर वाक्यं वाचनातून गोळा करा, पाठ करा, बोलताना फक्त तिच्यावर पहारा ठेवा. बाकीच्या चुका त्या महिन्यात होऊ द्या.

खंड पडणार, हेही धरून चालावं. आजारपण, परीक्षा, प्रवास, काहीही. तीन-चार आठवड्यांनी परत आलं की कार्डांच्या ढिगात सहाशे-सातशे उजळण्या तुंबलेल्या असतात, आणि त्या एका बैठकीत उपसायच्या प्रयत्नात पुष्कळांची भाषा तिथेच सुटते. नवी कार्डं बंद करा. रोज पन्नास जुनी, जास्त नाही. दोन-अडीच आठवड्यांत ढीग आटोक्यात येतो. पहिले चार दिवस श्रुतलेखनही नको. आधी पुरा केलेला, कान ओळखेल असा जुना ध्वनी घ्या आणि त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणा. पाचव्या दिवशी त्याच पातळीचा नवा अर्ध्या मिनिटाचा तुकडा लिहून बघा आणि फुल्या मोजा. जुन्या पानांवरच्या फुल्यांच्या जवळपास आकडा आला की नेहमीचा तास सुरू करा आणि नवी कार्डं रोज पाचपासून पुन्हा उघडा.